मानमोडी: खाडीकाठच्या एका घराचे प्रकरण

सोमवारी सकाळी फोन आला. "डॉक्टर, कोंबड्या पटापट मरतायत. लवकर या." माघी गणपती नुकतेच झाले होते आणि वाडीत मुंबईकरांची वर्दळ अजून ओसरली नव्हती. घर दाभोळ खाडीच्या आतल्या अंगाला. मागचे आगर उतरत उतरत थेट खाजणाला, म्हणजे भरतीचे पाणी चढणाऱ्या दलदलीला, जाऊन भिडते. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. घरात ऐंशी ओलांडलेले आजोबा, त्यांची सून (मी त्यांना काकी म्हणतो), आणि चार दिवसांसाठी मुंबईहून आलेला नातू. काकींचे यजमान बोटीवर खलाशी, ते समुद्रात.

गावठी कोंबड्या ३१ होत्या. शनिवारपासून मी पोचेपर्यंत १९ गेल्या. खुराड्याच्या दाराशी दोन तलंगा (तरण्या कोंबड्या) बसल्या होत्या. एकीची मान पिळून पाठीवर गेलेली आणि चोच आभाळाकडे. हिरवट पातळ विष्ठा सगळीकडे. एका कोंबड्याचा तुरा जांभळट पडलेला आणि चोच उघडून तो धापा टाकत होता. पडवीत बसलेल्या आजोबांनी मी काही विचारण्याआधीच निकाल दिला, "मानमोडी हाय ती. बघायचं काय त्यात?"

मलाही तेच वाटले. कोंबड्यांच्या राणीखेत रोगाला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. मान मोडल्यासारखी वळते म्हणून हे नाव. काकींच्या कोंबड्यांना लस मिळाली नव्हती आणि त्याचे कारण आमच्याकडेच होते. लसीकरणाचे शिबिर आम्ही सकाळी अकराला लावले होते. त्या वेळी गावठी कोंबडी आगरात, नाहीतर शेजाऱ्याच्या उकिरड्यावर असते. काकींनी तेव्हा सांगितलेही होते, "सांजच्याला कोंडल्यावर या." सांजच्याला कोणी गेले नाही.

मी दोन्ही तलंगा उघड्या हातांनी उचलून पाहिल्या. नाकातोंडावर काही बांधलेले नव्हते. या प्रकरणातली पहिली चूक माझी, म्हणून तीच आधी सांगतो. शेजारच्या पोराने सहज म्हटले, "परवा खाजणात बगळा मेलेला होता," तेव्हा कुठे मी कोंबडी खाली ठेवली.

राणीखेत आणि बर्ड फ्लू यांतला फरक डोळ्यांनी ओळखता येत नाही. मान वळणे राणीखेतमध्ये जास्त दिसते. बर्ड फ्लूमध्ये तुरा आणि चोचीखाली लोंबणारे गलोल सुजून निळेजांभळे होतात, पायांच्या खवल्यांखाली रक्त साकळते आणि दोन-तीन दिवसांत जवळपास सगळे खुराडे रिकामे होते. पुस्तकात हे वेगवेगळ्या रकान्यांत असते. एकाच खुराड्यात निम्मी लक्षणे इकडची आणि निम्मी तिकडची निघतात. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. तिथेही सुरुवातीला सगळे राणीखेतच म्हणत होते. आपल्या किनाऱ्याचे उदाहरण तर आणखी जवळचे आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला कोंबड्या मेल्या, त्याच दिवसांत दापोलीत मेलेल्या कावळ्यांचे नमुनेही बर्ड फ्लूचे निघाले. त्यामुळे या पट्ट्यात मेलेला पक्षी म्हटले की माझे कान टवकारतात. खाजणात उतरलो तर बगळ्याची पिसे आणि एक पाय एवढेच हाती लागले. बाकीचे कोल्ह्याने नेले असावे. बगळा कशाने मेला, ते कळायची सोय उरली नाही.

मग नियमाप्रमाणे कामाला लागलो. संशय असेल तर जागेवर शवविच्छेदन करायचे नाही, कारण चिरलेल्या कोंबडीतून विषाणू हवेत आणि अंगावर उडतो. ताजी मेलेली तीन कोंबडी दुहेरी पिशवीत बांधून बर्फाच्या पेटीत घातली. जिवंत पक्ष्यांच्या घशातले आणि गुदद्वारातले नमुने काडीने घेतले, शेजाऱ्याच्या चार बदकांचेही घेतले. सगळे पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेकडे रवाना झाले. बर्ड फ्लू हा पक्ष्यांचा इन्फ्लुएंझाच, आणि त्याचा शेवटचा शब्द भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेचा असतो, तिथून तो येईपर्यंत थांबणे भाग. तोवर कोंबडी, अंडी, खत काहीही वाडीबाहेर जायचे नाही. मेलेल्या कोंबड्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरल्या.

बदके मात्र ठणठणीत होती. लोकांना वाटते, बदके जिवंत आहेत म्हणजे बर्ड फ्लू नाही. खरे तर त्यावरून काहीच ठरत नाही. रानबदके, कुरव, तुतवार ही पाणपाखरे इन्फ्लुएंझा 'ए' विषाणूचे मूळ घर आहेत. बदकाच्या आतड्यात तो फारसा त्रास न देता वाढतो आणि विष्ठेतून पाण्यात उतरतो. थंड गोड्या पाण्यात तो बरेच दिवस टिकतो, उबदार खाऱ्या पाण्यात कमी. म्हणजे आपली खाडी त्याला फारशी मानवणारी नाही. पण खुराड्याखालची ओलसर सावली चांगली मानवते.

सोमवारी दुपारी

हे सगळे आटोपून मी गाडीत बसणार, तोच आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या. त्यांनी विचारलेला प्रश्न मी तीन तास त्या घरात असूनही विचारला नव्हता. "काकी, तुमचा डोळा लाल कशाने? अंगात ताप आहे का?"

ताप होता. पहाटेपासून अंग मोडून आले होते, घसा धरला होता, उजवा डोळा लाल होऊन पाणी गळत होते. काकी मात्र चुलीपुढे होत्या. मी कोंबड्यांचा डॉक्टर, कोंबड्यांबद्दल विचारले. माझ्या नोंदवहीत माणसाच्या तापाला रकानाच नाही. आरोग्य केंद्राच्या वहीत तापाला रकाना आहे, पण खुराड्याला नाही. दोन्ही वह्यांच्या मधे काकी उभ्या होत्या. पडवीतून आजोबा पुन्हा बोलले, "तिलापन मानमोडीच धरलीय." मला वाटले, वयाने गोंधळ होतोय.

आशाताईंनी खोदून विचारले तेव्हा शनिवारची गोष्ट बाहेर आली. नातू शुक्रवारी आला होता. दोन कोंबड्या मान टाकू लागलेल्या पाहून काकींनी त्या मरायच्या आत कापल्या आणि शनिवारी रात्री कोंबडी-वडे झाले. याला अडाणीपणा म्हणायला मी तयार नाही. सरकारी भरपाई मिळते ती नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. मग जाणारी कोंबडी जायच्या आत ताटात घ्यायची, हा हिशोब कोणतीही घरधनीण करेल.

सगळे घाबरले ते खाल्ल्याबद्दल. नातवाने तर ओकारी काढायचा प्रयत्नही केला. पण रस्सा धोक्याचा नव्हताच. आतपर्यंत ७० अंशांवर शिजलेल्या मांसात हा विषाणू उरत नाही, आणि काकींचा रस्सा तासभर उकळतो. धोका त्याआधीच्या अर्ध्या तासात होता: मान कापणे, गरम पाण्यात बुडवून पिसे उपटणे, आतडी काढणे. त्या वेळी विष्ठा आणि रक्ताचे बारीक तुषार उडतात. तोच हात कपाळावरचा घाम पुसायला डोळ्यापाशी जातो. आतडी आणि मुंडकी काकींनी मांजराला घातली होती. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मांजरकुळाला एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, वाईट लागतो. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानेच गेले.

लाल डोळ्याचे कोडे तर दोन्हीकडे बसत होते. राणीखेतचा विषाणू माणसाला फार काही करत नाही, पण आजारी कोंबडी हाताळणाऱ्याचा डोळा मात्र आणतो. बर्ड फ्लूचे काही प्रकारही डोळ्यापासूनच सुरू होतात. नेदरलँड्समध्ये २००३ साली एच७एन७ ची साथ आली तेव्हा ८९ माणसांना लागण झाली. बहुतेकांचे डोळे तेवढे आले. एक जण दगावला, तो पशुवैद्यक होता. सकाळच्या माझ्या उघड्या हातांची मला त्या दुपारी फार आठवण आली.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी वेळ घालवला नाही. काकींच्या नाकाघशातले नमुने घेतले, आजारी पक्ष्यांशी संपर्क अशी नोंद करून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवले, आणि निकालाची वाट न पाहता फ्लूवरच्या ऑसेल्टामिविरच्या गोळ्या सुरू केल्या. पहिल्या ४८ तासांत सुरू केल्या तर त्या जास्त उपयोगी पडतात. काकींना मागच्या खोलीत वेगळे झोपवले. सर्दीखोकला असलेला नातू बाहेर ओट्यावर.

हो, नातवालाही खोकला होता. तो मुंबईहून निघतानाच होता. हे कळले संध्याकाळी, तेही ओघात. "गाडीत सगळेच खोकत होते," तो म्हणाला.

वाट पाहण्याचे चार दिवस

माझी झोप उडवली ती या शेवटच्या माहितीने. ती का, हे सांगायला थोडे खोलात जावे लागेल.

इन्फ्लुएंझाच्या विषाणूच्या अंगावर दोन जातींची प्रथिने असतात. एच हा त्याचा गळ आणि एन ही त्याची कातरी. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला सियालिक आम्ल. गळ त्यात अडकला की विषाणू पेशीत शिरतो. आत त्याच्या प्रती तयार होतात, आणि बाहेर पडताना त्या पुन्हा त्याच साखरेत अडकू नयेत म्हणून कातरी साखर कापते. ऑसेल्टामिविर ही कातरी बोथट करते. पाणपाखरांत गळाचे १६ आणि कातरीचे ९ प्रकार सापडले आहेत. एच५एन१ हे नाव त्या क्रमांकांवरून पडले.

आता गळ कुठे अडकतो, हे त्या साखरेच्या जोडावर ठरते. पक्ष्यांच्या आतड्यात आणि श्वासमार्गात एक प्रकारचा जोड असतो, माणसाच्या नाकाघशात प्रामुख्याने दुसरा. म्हणून कोंबडीचा विषाणू माणसाला सहज लागत नाही. पण माणसाच्या फुप्फुसात अगदी खोलवर आणि डोळ्याच्या पातळ आवरणात पक्ष्यांसारखा जोडही असतो. त्यामुळे एच५एन१ लागण्यासाठी भरपूर विषाणू खोल जावा लागतो. लागला तर न्यूमोनिया भयंकर होतो, मात्र खोकल्यातून दुसऱ्याला तो सहजी जात नाही. हाँगकाँगमध्ये १९९७ साली तो पहिल्यांदा कोंबड्यांतून माणसांत आला, तेव्हा १८ जणांना झाला आणि त्यातले ६ गेले. भारतात त्याचा पहिला बळी २०२१ च्या जुलैत नोंदला गेला, हरियाणातला ११ वर्षांचा मुलगा. अमेरिकेत २०२४ पासून हाच विषाणू दुभत्या गायींत फिरतो आहे. गायीच्या कासेतही पक्ष्यांसारखा जोड आहे, आणि धारा काढणाऱ्या मजुरांना लागण झाली ती बहुतेकदा डोळ्याची.

शरीराची ऊबही आड येते. पक्ष्याच्या आतड्यात सुमारे ४१ अंश तापमान असते, आपल्या नाकात ३३ च्या आसपास. पक्ष्यात रुळलेला विषाणू आपल्या नाकात गारठतो. प्रती काढणाऱ्या त्याच्या प्रथिनात एक विशिष्ट बदल झाला की मात्र त्याला त्या थंडीची सवय होते.

कोंबडीत एवढा हाहाकार का माजतो, याचे कारणही गळातच आहे. गळ कामाचा व्हायला आधी एका ठिकाणी कापला जावा लागतो. सौम्य जातींत तो कापणारे विकर फक्त आतड्यात आणि श्वासमार्गात असते, म्हणून रोग तिथेच राहतो. एच५ आणि एच७ च्या काही जातींत त्या कापाच्या जागेत असा बदल होतो की शरीरातल्या कोणत्याही पेशीतले विकर तो कापू शकते. मग मेंदू, काळीज, सगळीकडे एकाच वेळी आग लागते.

आणि आता नातवाचा खोकला. या विषाणूचा वारसा आठ सुट्या तुकड्यांत असतो, जणू आठ सुटी पाने, शिवण नसलेली. एकाच पेशीत दोन वेगळे इन्फ्लुएंझा एकदम शिरले तर बाहेर पडणाऱ्या प्रतीत काही पाने एकाची आणि काही दुसऱ्याची जाऊ शकतात. डुकराच्या श्वासमार्गात दोन्ही प्रकारचे जोड असतात, म्हणून अशी सरमिसळ त्याच्यात सोपी जाते. २००९ चा स्वाइन फ्लू म्हणजे पक्षी, माणूस आणि डुक्कर यांच्या पानांची तशीच गोधडी होती. आमच्याकडे डुक्कर नव्हते. पण एका बाईच्या एका डोळ्यात मुंबईचा फ्लू आणि कोंबडीचा फ्लू गाठ पडण्याची शक्यता कागदावर तरी होती. फारच लहान, पण ती त्या वाडीतल्या एका घरात मावत होती.

मंगळवारी आणि बुधवारी उरलेल्या बारांपैकी आणखी पाच मेल्या. मांजर बांधावर ऊन खात होते. गावात मात्र बर्ड फ्लू आला असे होऊन गेले होते. कोणी शिवेना, कोणी अंडे घेईना, आणि शेजारच्या वाडीतल्या एकाने संशयावरून आपल्या सगळ्या कोंबड्या रातोरात विकून टाकल्या, म्हणजे नेमके जे करू नये ते. खरोखर बर्ड फ्लू निघाला असता तर एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी नष्ट करावे लागले असते आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवावी लागली असती. सरपंच रोज फोन करून विचारत, "आला का रिपोर्ट?" आणि मी रोज नाही म्हणे.

निकाल

गुरुवारी काकींचा आला. इन्फ्लुएंझा ए, एच१एन१, म्हणजे २००९ पासून आपल्यात रुळलेला नेहमीचा स्वाइन फ्लू. एच५ नाही. तोपर्यंत त्यांचा ताप उतरला होता आणि त्या अंगणात फिरू लागल्या होत्या.

शुक्रवारी कोंबड्यांचा आला. इन्फ्लुएंझा नाही. राणीखेत. बदकांतही काही नाही.

म्हणजे दोन वेगळे रोग एकाच घरात एकाच आठवड्यात आले होते. काकींना ताप आला तो नातवाकडून, हे दिवसांवरूनही जुळते: तो शुक्रवारी आला, त्यांना सोमवारी ताप. त्यांचा डोळा बहुधा राणीखेतने आणला. त्याचा नमुना वेगळा घेतला नव्हता, म्हणून छातीठोक सांगत नाही. माझे हात सुटले.

आता राणीखेत कुठून आले. कोंबड्या मरू लागण्याच्या सुमारे नऊ दिवस आधी काकींनी आठवडी बाजारातून एक लाल कोंबडा आणला होता, राखणदाराला द्यायला. राखण नातू आल्यावर द्यायची म्हणून कोंबडा तोवर घरच्याच खुराड्यात ठेवला. चौथ्या-पाचव्या दिवशी तो मरगळला. देवाला मरगळलेला कोंबडा कसा द्यायचा, म्हणून शेजाऱ्याकडचा घेतला आणि तो लाल कोंबडा आगरात फणसाखाली मरून पडला. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, कारण मी विचारले होते, "घरच्या कोंबड्यांत आधी कोण आजारी पडली?" बाजारचा कोंबडा घरचा नव्हता ना.

पुढच्या बाजारी मी त्या विक्रेत्याकडे गेलो. चार गावच्या कोंबड्या एकाच झाकणीत कोंबलेल्या. तो शपथेवर म्हणाला, "माझ्याकडं एकपण मेली नाय, डॉक्टर." खरे असेल. मरायच्या आत विकल्या जात असतील.

शनिवारी संध्याकाळी सातला मी बॅटरी घेऊन वाडीत गेलो. राणीखेत लागलेल्या खुराड्यात तेव्हा टोचायचे नसते, म्हणून काकींच्या उरलेल्या सात सोडून आसपासच्या घरांतल्या कोंबड्या धरल्या. पिल्लांना डोळ्यात लासोटा लसीचा थेंब, मोठ्यांना पंखाखाली आर-टू-बी लस. कोंडलेली कोंबडी अंधारात किती निमूटपणे हातात येते, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या रात्री कळले. तासाभरात दीडशेच्या वर झाल्या.

परतताना आजोबांना दोन्ही निकाल सांगितले. त्यांना नवल वाटले नाही. "मी सोमवारीच सांगितलं होतं. दोघींना मानमोडी."

कोंबड्यांचे ठीक, पण काकींना मानमोडी कशी, असे मी विचारले. मग त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेले सांगितले. पहिल्या मोठ्या लढाईच्या शेवटी मुंबईत तापाची साथ आली. माणसे बोटीने गावाकडे पळाली. बंदरावर उतरून चालत घरी पोचली नि आठवड्यात गेली. त्यांच्या वडिलांची दोन भावंडे त्यातच गेली. त्या तापाला तेव्हा मानमोडी म्हणत.

मला हे माहीत असायला हवे होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे हेच नाव होते. त्या जूनमध्ये मुंबईत साथ सुरू झाली, शरद ऋतूत तिने देश झोडपला आणि भारतात सव्वा कोटींच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसे गेली, असे अंदाज आहेत. तोही एच१एन१ च होता. त्याची काही पाने डुकरांत शिल्लक राहिली, बदलत गेली आणि २००९ च्या विषाणूत परत आली. त्यातला गळही त्याच वंशातला. काकींच्या नमुन्यात सापडलेला विषाणू आजोबांच्या काका-आत्यांना नेणाऱ्याचा लांबचा वारसदार होता.

आजोबांनी माझ्या हातातल्या लसीच्या पेटीकडे बोट केले. "या कोंबड्यांच्या मानमोडीला औषध आलं. माणसांच्या मानमोडीला?"

आहे, म्हटले. दरवर्षी नवी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलत राहतो. तुमच्या वयाला तर घ्यावीच. आरोग्य केंद्रात आत्ता शिल्लक नाही, चिपळूणला औषधाच्या दुकानात विकत मिळेल.

आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग खुराड्याकडे पाहत म्हणाले, "म्हणजे हिला दारात येऊन फुकट, नि मला चिपळूणला जाऊन विकत."